तेरावा खड्डा

“अब्बा, या नकाशात तेरावा खड्डा कुठंय?”

पाहुण्यांसमोर हे विचारायची माझी हिंमत नाय, अशी माझ्या मैत्रिणीनं, प्रेरणानं, पैज लावली होती. अब्बांनी गोल्फच्या मैदानांचे चौदा जुने नकाशे फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेत. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीच्या साहेबांना ते एकेक नकाशा ऐटीत समजावून सांगत होते. माझा प्रश्न आला आणि त्यांचं बोट काचेवर नुसतंच फिरत राहिलं.

“तळ्याच्या पलीकडं, दोन झाडांच्या मधे,” चहाचा ट्रे ठेवता ठेवता अम्मी म्हणाली. बारा वर्षं दर जुम्म्याला त्या काचा तीच पुसते.

साहेब गेल्यावर अब्बा म्हणाले, “झेबा, लई शहाणी झालीस तू.”

 

“व्हय. म्हणून दोघांनाही सांगते, ठरलंय माझं. पुढच्या पाहुण्यांना नकाशे अम्मी दाखवणार, आणि या जुम्म्यापासून काचा तुम्ही पुसायच्या.”