सत्तेचाळीस काप

"पण उत्तर बरोबर आहे ना, बाई?" वडिलांनी पुन्हा विचारलं.

"बरोबर आहे. म्हणून तर एक गुण दिलाय," फेरतपासणीच्या बाई म्हणाल्या. "उरलेले चार पायऱ्यांचे असतात. हिने पायऱ्याच लिहिल्या नाहीत."

टेबलावर प्रवेश परीक्षेची उत्तरपत्रिका उघडी होती. आठ बाय सहा फुटांच्या काचेचे एकेक फुटाचे चौकोन करायचे. एका वेळी एकच तुकडा सरळ रेषेत कापायचा. किती काप लागतील? मुलीने दोन ओळी लिहिल्या होत्या. दर कापाला एक तुकडा वाढतो. एकाचे अठ्ठेचाळीस व्हायला सत्तेचाळीस काप.

नमुना उत्तर पानभर होतं. आधी लांब पट्ट्या, मग पट्टीचे तुकडे, मग गुणाकार, शेवटी बेरीज. तेही सत्तेचाळीसच.

मोठ्या शाळेतला प्रवेश तीन गुणांनी हुकला होता.

वडील काच कापायचं काम करत. प्रश्न वाचताना त्यांना हसू आलं. "अगं, ही तर आपल्या दुकानातली काच. तू मला विचारत होतीस ते हेच की."

"मीच तयार केलंय हे गणित," मुलगी म्हणाली. "सरांना दाखवलं होतं वर्गात."

बाईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मुलीचे गणिताचे सर तिथेच बसले होते. प्रश्न काढणारे म्हणून त्यांना खुलाशाला बोलावलं होतं.

सर चष्मा पुसत राहिले. "मुलं म्हणतात असं," ते म्हणाले. "आणि पद्धत म्हणून काही असतं की नाही? उद्या कोणीही नुसता आकडा ठोकून देईल."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं, मग सरांकडे. अजून दोन वर्षं ती त्यांच्याच हाताखाली शिकणार होती.

"सर म्हणतात तर तसंच असेल," ते हळूच म्हणाले. "चुकलं पोरीचं."

बाईंनी 'गुण कायम' असं लिहून सही केली.

वडील पुढे होऊन जिना उतरू लागले. सर मुलीच्या मागोमाग बाहेर आले. आवाज खाली आणत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. नवीन काही केलंयस का? असलं तर दाखव आणून."

दप्तरात तिने तयार केलेली चार नवी गणितं होती.

"नाही, सर," ती म्हणाली. "आता पुस्तकातलीच सोडवते."