कोरं बटण

मारामारीच्या व्हिडिओ गेममधले पैलवान आणि नर्तकी तुल्यबळ आहेत ना, हे तपासायला गेम बनवणाऱ्या कंपनीत दोघं बहीणभाऊ रोज पन्नास लढती खेळायची. दादाचा पैलवान, तिची नर्तकी. निम्म्या लढती तिच्या. हरला की दादा कपाळावर हात मारायचा, “बये, पुन्हा लोळवलंस!” दादा वारला, महिन्याभराने गेम बाजारात आला आणि तक्रारींची रीघ लागली. साहेबांनी आकडे तिच्यापुढे ठेवले. “ताई, नर्तकी सगळीकडे मार खातेय. तुमच्याकडे निम्म्या लढती जिंकली कशी?” साहेब वळताच तिने दादाचा कंट्रोलर उचलला. फटक्याचं बटण अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेलं. बचावाचं मात्र कोरं करकरीत. डाव्या हाताने तिने ते दाबून धरलं, उजव्या हाताने नर्तकीचा फटका हाणला. पैलवानाने पहिल्यांदाच हात आडवा घातला. “लबाड कुठला!” ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली.