टापटीपबाईंचा जंतू

पेशीने जंतू गिळला. टापटीपबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता हात वर केला, तसे मागे उभे असलेले सर जवळजवळ त्यांच्या खांद्यावरच वाकले. पाठोपाठ दुसरा गेला, तिसरा गेला. लस टोचलेल्या डुकराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर नुसत्या तुटून पडल्या होत्या. इतक्या वर्षांनी लस लागू पडली होती. सर ही बातमी कोणाला सांगू आणि कोणाला नको, असं होऊन फोनकडे पळाले.

हाच जंतू डुकरांच्या शेडमधून पहिल्यांदा प्रयोगशाळेत आणला, तेव्हा पेशी त्याच्या अंगाला अंग घासून खुशाल निघून जायच्या. तो रक्तातून थेट मेंदूपर्यंत पोचायचा आणि पेशी ढिम्म. बाईंच्या वहिनीकडे डुकरं होती. तिथे दर वेताची पिल्लं यानेच जात. मान तिरकी व्हायची, आडवं पडून पाय झाडायची आणि संपायची. रोजच्या औषधावर निम्मीअर्धी कशीबशी तगून होती. उद्या बाई स्वतः जाऊन लस टोचणार होत्या आणि वहिनी औषध बंद करणार होती. तिने आनंदाने शेड धुवायलाही काढली होती.

आता पुरे, चला, असं सर म्हणत होते. पण एक काच बघायची राहिली होती. तिच्यावर लस न टोचलेल्या डुकराचं रक्त होतं. तिथे जंतू सुटणारच, हे शेंबडं पोरही सांगेल, असं सरांचं मत पडलं. बाईंना काम अर्धवट टाकणं जमत नसे. टापटीपबाई हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. त्यांनी काच सरकवली आणि डोळे लावले. इथेही पेशी जंतूंचा फडशा पाडत होत्या. म्हणजे लशीचा यात काहीच हात नव्हता. जंतूच लेचापेचा झाला होता.

पण कधी? बाईंनी जंतू वाढवायच्या तबकड्या पुढे ओढल्या. दर आठवड्याला जुन्या तबकडीवरचा जंतूंचा एक ठिपका उचलून नव्या तबकडीवर लावायचा, हे त्यांचं काम. चिकट, ओघळलेले ठिपके त्यांना बघवत नसत. त्या आपल्या नेहमी कोरडा, गोल, नीटनेटका ठिपका निवडत. बाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तो चिकटपणा म्हणजेच जंतूच्या अंगावरचं आवरण होतं, आणि त्यांनी निवडून निवडून ते घालवलं होतं. लसही असल्याच उघड्या जंतूपासून बनवलेली.

फ्रीझरमध्ये वहिनीच्या आजारी पिल्लातून काढलेला जंतू जसाच्या तसा ठेवला होता. बाईंनी तो लस टोचलेल्या डुकराच्या पेशींमध्ये सोडला. पेशींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग पेशी नीट दिसाव्यात म्हणून त्यांनी सवयीने त्यात हिरवा रंग घातला. हा रंग डुकराच्या पेशींवर असणाऱ्या एका साखरेलाच धरतो. तबकडीवरच्या नेटक्या जंतूला तो कधी लागला नव्हता. आज मात्र जंतूच्या भोवती लखलखीत हिरवं कडं उमटलं. आपल्या हातून रंग जास्त पडला असेल, म्हणून बाईंनी दुसरी काच घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. अंगात वारं शिरल्यासारख्या त्या धावल्या आणि सर बोलत असतानाच त्यांच्या हातून फोन काढून घेऊन वहिनीला लावला.

"वहिनी, औषध बंद करू नकोस. ही लस फुकट गेली."

पलीकडे पाण्याचा आवाज थांबला. "माझ्या डुकरांच्या रक्तातच दम नाही," वहिनी म्हणाली. "आणि तू हसतेस काय?"

"दम आहे गं, चांगला आहे. त्या जंतूने तुझ्या पिल्लांच्या अंगची साखरच अंगाला फासलीय. त्यांच्या पेशी त्याला घरचाच समजून सोडतायत."