पाठमोरी पानं

बाईंनी नवं झाड खिडकीत ठेवलं, तर त्याच्या पानांनी उन्हाकडे पाठ फिरवून समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी कुंडी फिरवून ठेवली. दोन दिवसांत पानं पुन्हा भिंतीकडे!

त्यांनी रोपवाटिकेच्या मालकांना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"देठावरच्या लवेवरून ओळखलं, ताई. फिलोडेंड्रॉन. दाट जंगलातलं झाड, उजेडाकडेच वळणार."

"अहो, पण तिकडे भिंत आहे!"

"झाड नाही चुकायचं. तुम्हीच एकदा नीट बघा."

म्हणे नीट बघा! बाई तणतणत खिडकी उघडायला गेल्या. खाली रस्त्यावर लख्ख ऊन होतं, शेजारीण वर बघून हात हलवत होती. बाईंनी कडीला हात घातला.

बोटांना लागला तो गार, खरबरीत गिलावा.