नळीतला हातमोजा

या, जरा जवळ सरकून बसा. बाल्टिक समुद्रातल्या एका बेटावरच्या दोन शेजाऱ्यांची गोष्ट सांगतो.

बर्फ वितळलं आणि हेरिंग मासे किनाऱ्याला आले. वर्षाची भाकरी याच मोजक्या दिवसांत मिळवायची, आणि नेमकं उर्होच्या होडीचं इंजिन सुरू होईना. हिवाळाभर होडी गावच्या शेडमध्ये, शेजारी तायस्तोच्या होडीला खेटून उभी होती. उर्होने बॅटरी चार्ज केली, डिझेल बदललं, फिल्टर साफ केला. इंजिन नुसतं खोकायचं आणि गप्प व्हायचं. शेवटी धुराच्या नळीत बोटं घातली, तर आत कोंबलेला लोकरी हातमोजा निघाला. वीण ओळखीची होती, तायस्तोच्या बायकोची, हिल्काची.

जाळी लावायच्या जागेवरून तायस्तोशी त्याचा कित्येक वर्षं अबोला. तायस्तो जानेवारीत वारला, पण जाता जाता डाव साधून गेला म्हणायचा! उर्हो तरातरा हिल्काच्या दारात गेला.

“तुझा नवरा मेला, पण माझ्या पोटावर पाय देऊन गेला. बघ हे!”

हिल्काने मोजा हातात घेतला. “अरे खुळ्या, नळीत उंदीर घर करतात ना! दर पानगळीला आपल्या होडीबरोबर तुझीही नळी तो बुजवायचा.”

“दरवर्षी? मग आजवर माझं इंजिन सुरू कसं व्हायचं?”


“तू यायच्या आधी तोच गुपचूप मोजा काढून ठेवायचा. यंदा काढायला कोण होतं?”

देवापुढे दिवा लावाल तेव्हा तायस्तोचंही नाव घ्या, बाबांनो.