चुकीचं प्रात्यक्षिक

कळा देणाऱ्या बाईला धीर कसा द्यायचा, ते नर्सिंगच्या पोरींना शिकवायचं होतं. बाईचं सोंग घ्यायला वर्षाराणी मॅडमनं मोठ्या सिस्टरलाच बाळंतपणाच्या टेबलावर झोपवलं. “लई अनुभव हाय त्यांना,” ती म्हणताच पोरी खिदळल्या. पंधरा वर्षांमागं चकलांबा गावची हीच वर्षाराणी ऊसतोडीच्या फडातून बाळंत व्हायला याच टेबलावर आली होती, तेव्हा ह्याच सिस्टरनं तिच्या मांडीवर फाडकन चापट हाणली होती. आज वर्षाराणीनं तसाच हात उगारला, तेच शब्द काढले, “नवऱ्यापाशी गोड लागलं, आता कशाला बोंबलतीस गं?” सिस्टरनं पाय आखडले, डोळे मिटले, ओळख पटली होती. मांडीपासून बोटभर वर हात थांबला. “बघा, ही चूक. बाईचा हात धरायचा असतो.” सिस्टर घाईनं उतरायला लागली. वर्षाराणीनं तिचा खांदा दाबला. “पडून ऱ्हावा. अजून एकवीस पोरी हाईत. परतेकीनं चूक करून दाखवायचीय.”