यंदाच्या कुरडया

मायबापहो, जरा पुढे सरकून बसा, एका आईची गोष्ट सांगायची आहे. नावड्याच्या वेणूबाईंचा कुलदीप जहाजावर कामाला गेला आणि समुद्रात बेपत्ता झाला. ज्या घरी मरण येतं, तिथे त्या वर्षी वाळवण घालत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. म्हणून उन्हाळा लागताच शेजारची वैजू हळूच म्हणाली, "मावशी, यंदा कुरडयांचा चीक नका शिजवू."

"का गं? माझ्या घरात कोण मेलंय?"

आणि वेणूबाईंनी सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षीपेक्षा दुप्पट कुरडया घातल्या. पुढल्या वर्षीही घातल्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी आपणहून वैजूचं दार वाजवलं.

"आमच्या वाटच्या कुरडया यंदा तू घाल, बाई."

पांडुरंगापुढे हात जोडाल, तेव्हा त्या कुलदीपचं नाव घ्या.